उलटी बसलेली घोडी

९ जानेवारी

नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. सेहेचाळीस वर्षांपूर्वी ज्या कारखान्यात इलेक्ट्रिक गिटारी बनायच्या, तिथे मी कामाला होतो. कारखाना कधीच बंद पडला, आता तिथे गाद्यांचं गोदाम आहे. बंद होताना कचऱ्यात निघालेला एक पत्र्याचा डबा मी घरी आणला होता. त्यात गिऱ्हाइकांनी भरून पाठवलेली हमीपत्रं आहेत. त्यातल्या एकावर तुमचं नाव आणि हा पत्ता आहे. अक्षर डावीकडे कललेलं, आणि लिहिता लिहिता हात लागून शाई फरफटलेली.

आमच्याकडे वर्षाला हजारभर गिटारी निघायच्या, सगळ्या उजव्या हाताच्या. डावखुऱ्यांसाठी फक्त एकदाच काढल्या, सतरा. त्यांच्यासाठी वेगळे साचे नव्हते. उजव्याचेच साचे पालथे घालून लाकूड कापलं, बाकी माल होता तोच वापरला. त्यामुळे त्या सतरांत काही गमती राहून गेल्या. आवाजाचं बटण उलट फिरतं, आकडा वाढवला की आवाज कमी होतो. मानेच्या कडेवरचे पांढरे ठिपके वाजवणाऱ्याला दिसावेत म्हणून असतात. ते वरच्या कडेऐवजी खालच्या कडेला गेले.

मी त्या सतरांची यादी करतो आहे. तुमची गिटार अजून तुमच्याजवळ असली, तर बटण आणि ठिपके कसे आहेत ते कळवाल का? विकत घ्यायचा विचार नाही. पत्ता बदलला असेल, तर हे ज्यांच्या हाती पडेल त्यांनी राग मानू नये.

आपला,
एक जुना कारागीर


२१ जानेवारी

कारागीर महाशय,

पत्ता बदललेला नाही. तोच दुसरा मजला, तीच खोली. फक्त समोरचं झाड गेलं आणि तिथे गाड्या उभ्या करायची जागा झाली. पाकीट बघून वाटलं, कोणीतरी विमा गळ्यात मारतोय. मग म्हटलं, विमेवाला इतक्या थरथरत्या हातानं लिहिणार नाही.

गिटार आहे. कपाटावर, पेटीत. पेटीवर उन्हाळ्यात लोकरीचे कपडे असतात आणि हिवाळ्यात पंखा. खाली काढायला स्टुलावर चढले. पडले असते तर कळलं कोणाला असतं, हा विचार वर चढल्यावर आला.

हो, बटण उलटंच आहे. घेतली तेव्हा आठवडाभर मी आवाज वाढवायला जायची आणि मुकी व्हायची. ठिपके खालच्या कडेला आहेत, माझ्या चपलांना नीट दिसतील असे. मला वाटायचं, माझ्याच गिटारीला काहीतरी झालंय. बाकीच्या सोळांनाही तेच झालंय हे ऐकून बरं वाटलं. इतक्या वर्षांनी गोतावळा सापडला म्हणायचा.

वाजवत नाही. विचारलं नाहीत तरी सांगते. चार महिने वाजवली, मग ठेवून दिली. मला कान नाही. म्हणजे ऐकू येतं, दोन्ही शाबूत आहेत. सुराचा कान नाही. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते. पंचेचाळीस वर्षं झाली. मालक निवृत्त व्हा म्हणत नाहीत, आणि मी तरी घरी बसून करू काय?

यादीत मला घाला. आणि तिथे अजून कोण कोण आहे ते कळवा.

चष्म्याच्या दुकानातली


३० जानेवारी

बाई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. खोटं का बोलू, पाचदा.

यादीचं म्हणाल तर हमीपत्रं सापडली बारा. नऊ पाकिटं परत आली. एकाच्या मुलानं कळवलं की वडील गेले आणि गिटार भंगारात गेली. एकाकडून उत्तरच नाही. राहिलात तुम्ही. तेव्हा तुमचा गोतावळा म्हणजे तुम्ही एकट्याच. माझंही फारसं वेगळं नाही. बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी लांब असते, दर रविवारी फोन करते, दहा मिनिटं. त्यातली चार "ऐकू येतंय का" म्हणण्यात जातात.

एक विनंती आहे. खाली ज्या धातूच्या तिरक्या पट्टीवर तारा टेकतात, तिला आम्ही घोडी म्हणायचो. मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात ना, ते पडदे; त्यातल्या बाराव्या पडद्यापासून त्या घोडीपर्यंत सगळ्यात जाड तार किती लांब आहे आणि सगळ्यात बारीक तार किती, हे मोजून कळवाल का? मिलिमीटरमध्ये. तुम्हाला मोजमापाची सवय असेल म्हणून विचारतो.

आणि तुम्हाला कान नाही, हे कोणी सांगितलं? नसेल सांगायचं तर राहू द्या.

कारागीर


१४ फेब्रुवारी

कारागीर,

मोजलं. दुकानातली पोलादी पट्टी घरी आणली होती. जाड तारेला ३२४. बारीक तारेला ३२८.

आता माझं ऐका. काचेचा मध्य दोन मिलिमीटर सरकला, तर गिऱ्हाईक चार दिवसांनी परत येतं आणि म्हणतं, बाई, जिना वाकडा दिसतोय. बिचारं स्वतःच्या डोळ्यांना दोष देतं, वय झालं म्हणतं. मी आधी चष्मा काढून घेते आणि काच तपासते. त्यामुळे कोणी मला मिलिमीटर विचारले, की ते का विचारले हे माझ्या डोक्यात घोळत राहतं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत वाद्यांच्या दुकानात गेले. विक्रेत्याला सांगितलं, भाच्यासाठी बघते आहे. मला भाचा नाही. त्यानं उजव्या हाताची एक गिटार दाखवली, अशाच तिरक्या घोडीची. मी पर्समधून पट्टी काढली. तो बघतच राहिला. जाड तारेला ३२८. बारीक तारेला ३२४.

माझ्या गिटारीत बरोबर उलट. तुम्ही लोकांनी सगळं पालथं घातलंत, घोडीचा तिरकेपणा तेवढा पालथा घातला नाहीत. मी त्याला विचारलं, "समजा ही उलटी बसली, तर काय होईल?"

"खाली कळणारसुद्धा नाही," तो म्हणाला. "वरच्या पडद्यांवर गेलं की जाड तारा चढ्या बोलतील, बारीक उतरत्या. कितीही जुळवा, तिथे सूर लागायचा नाही."

"मग वाजवणाऱ्यानं काय करायचं?"

"वाजवणारा काय करणार, आजी? त्याचा काय दोष?"

मी दुकानाबाहेर येऊन फुटपाथवर उभी राहिले. सुट्टी संपली तरी उभी होते.

हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं. बटण आणि ठिपके ही नुसती प्रस्तावना होती. होय की नाही, एवढंच लिहा.


२० फेब्रुवारी

बाई,

होय.

एवढंच लिहा म्हणालात, पण इथेच थांबलो तर पुन्हा तेच केल्यासारखं होईल.

घोडी दोन खांबांवर बसते. त्या खांबांची भोकं पाडायचं काम माझं होतं. मी चोवीस वर्षांचा होतो. भोकांच्या जागा ठरवायला एक पत्र्याचा साचा होता. बाकीचे साचे पालथे बसायचे, हा बसत नव्हता, कारण त्याच्या खालच्या अंगाला खुंट्या होत्या. वेगळा साचा करून घ्यायला हवा होता. मी तोच सरळ ठेवला आणि सतरा गिटारींना चौतीस भोकं पाडली. एका दिवसात काम उरकलं म्हणून मुकादमानं पाठ थोपटली.

तपासणीला एक जण होता, स्वतः डावखुरा. सगळे त्याला डावऱ्याच म्हणायचे. त्या गिटारी वाजवून बघू शकेल असा कारखान्यात तो एकटाच. त्यानं एक वाजवली, दुसरी वाजवली, आणि माझ्याकडे आला. "लेका, घोडी उलटी बसली आहे." मी साचा ठेवून पाहिला. तो म्हणत होता ते खरं होतं. मी म्हटलं, बघतो. तो मुकादमाकडे गेला. मुकादमानं मला बोलावून विचारलं, "साचा बरोबर ठेवला होतास ना?" मी म्हटलं, "हो."

मुकादम डावऱ्याला म्हणाला, "मग तुझाच कान खराब आहे." त्याला तपासणीवरून काढून बांधणीच्या कामाला लावलं. माझं लग्न ठरलं होतं, नोकरी नवी होती. मी मिठाची गुळणी धरून बसलो. त्या सतरा गिटारी त्यानंच खोक्यांत भरल्या.

पुढे कारखाना बंद होईपर्यंत आम्ही एकाच बाकावर डबा खाल्ला. तो त्याबद्दल कधी चकार शब्द बोलला नाही. गेल्या वर्षी तो गेला. मी घरी भेटायला गेलो तर त्याची बायको म्हणाली, "यांचा कान खराब होता हो, पण गाण्याची हौस दांडगी. कोणी आलं की रेडिओ बंद करायचे. म्हणायचे, मला काय कळतंय त्यातलं."

मी तिथेही काही बोललो नाही. घरी येऊन डबा उघडला आणि पत्रं लिहायला बसलो. पत्रातही आधी बटणं आणि ठिपकेच लिहिले. तुम्ही लिहिलंत, "मला कान नाही". ते वाचल्यापासून अन्न गोड लागत नाही.

कारागीर


२ एप्रिल

बाई,

सहा आठवडे झाले. उत्तर मागायचा मला हक्क नाही. एवढंच कळवतो, की डावऱ्याच्या बायकोकडे जाऊन आलो आणि सगळं सांगितलं. तिनं दार लावलं नाही, पण बसा असंही म्हणाली नाही. मी उंबऱ्यातच उभा होतो. निघताना तिनं विचारलं, "हे त्यांना सांगायला काय झालं होतं तुम्हाला?"

कारागीर


१९ एप्रिल

कारागीर,

तुमचं पत्र दोनदा फाडायला घेतलं. कान नाही हे कोणी सांगितलं, असं विचारलं होतंत ना? घ्या, ऐका.

मला एक थोरली बहीण आहे, ताई. ती गायची, मी वाजवायची. आई गेल्यावर आम्ही दोघी याच खोलीत राहायचो. गिटारीसाठी वर्षभर लोकांचे कपडे शिवले. एका मोठ्या फिरत्या वाद्यवृंदाला गाणारी आणि वाजवणारी हवी होती. चाचणीला दोघी गेलो. रिकामं नाट्यगृह, सातव्या रांगेत एक गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून बसलेले. पहिलं कडवं छान गेलं. मग मधला तुकडा माझा होता, सगळा वरच्या पडद्यांवरचा. घरी शेजाऱ्यांच्या भीतीनं तो मी वीज न लावता वाजवायची. तिथे भलामोठा ध्वनिवर्धक. पहिल्याच सुराला मला कळलं की काहीतरी बिनसलंय. बोटं जागच्या जागी होती. मी तारा आणखी घट्ट दाबल्या, ते आणखी भेसूर झालं. गृहस्थांनी हात वर केला.

"गाणारी ठेवू," म्हणाले. "वाजवणारीला कान नाही."

आठवड्याभरात ताई गेली. जाताना म्हणाली, "इथलं सांभाळ." काय सांभाळायचं होतं? दोन पातेली आणि एक पलंग? मामांनी मला चष्म्याच्या दुकानात लावून दिलं. ताई बावीस वर्षं गायली. तिनं संसार केला, आता तीही एकटीच आहे. वाढदिवसाला न चुकता फोन करते. तिचं गाणं ऐकायला मी एकदाही गेले नाही. वाटायचं, मला काय कळणार? मी भांडी घासतानासुद्धा गुणगुणत नाही, कारागीर. सेहेचाळीस वर्षं. माझं लग्न झालं नाही, पण ते उगाच स्वतःच्या पदरात घेऊ नका. त्याची कारणं वेगळी होती आणि त्यातलं एक कारण तर मिशा रंगवायचं.

मला तुमचा फार राग आला आहे. माफी मागितलीत तर पत्र न उघडता परत पाठवीन. तुमचं वीस फेब्रुवारीचं पत्र मी ताईला पाठवलं आहे. कळू दे तिला, की चूक माझी नव्हती.


२७ एप्रिल

बाई,

माफी मागत नाही.

मी स्वतः येऊन घोडी सरळ करून देतो, असं लिहिणार होतो. पण हात थरथरतो. कपसुद्धा दोन्ही हातांनी धरावा लागतो. माझ्या ओळखीत एक चांगला कारागीर आहे, म्हणाल तेव्हा पाठवतो.

ताई काय म्हणाल्या?

कारागीर


११ मे

कारागीर,

ताईचा फोन आला. वाढदिवस नसताना.

आधी तब्येत विचारली, हवा कशी आहे विचारलं. मग म्हणाली, "पत्र वाचलं."

"वाचलंस ना? गिटारच बिघडलेली होती."

ती खाली बसल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "मला माहीत होतं गं."

"काय माहीत होतं?"

"तेव्हाच कळलं होतं. मी तुझ्या शेजारी उभी होते. तुझं बोट बरोबर पडत होतं आणि सूर भलताच येत होता. वाद्यात काहीतरी बिघाड आहे, थांबा, असं म्हणायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात ते म्हणाले, गाणारी ठेवू. आणि मी तोंड मिटलं."

"का?"

"वाटलं, मी मध्ये बोलले आणि ते म्हणाले दोघीही नकोत, तर?" मग म्हणाली, "आणि खरं सांगू? मला जायचं होतं. आई गेल्यापासून तुझंच सगळं बघत होते. एकटीनं कुठेतरी जायचं होतं."

मी फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी दुकानात एका माणसाची डावी काच उजवीकडे बसवली. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं, डावऱ्याला माहीत होतं, ताईला माहीत होतं. फक्त जिच्या गळ्यात ती गिटार होती तिला कोणी सांगितलं नाही. तुमच्यावर चिडून झालं होतं, आता पुन्हा नव्यानं कोणावर चिडायचं म्हटलं तर माझ्यात तेवढं बळ नाही.

तुमचा कारागीर पाठवू नका. मी बिनचौकटीच्या चष्म्यांच्या काचांना रोज भोकं पाडते, तडा जाऊ न देता. लाकडाचं काय मोठंसं! काय करायचं ते लिहा. सविस्तर लिहा, मागचं पुढे न करता.

ताई विचारते आहे, येऊ का. मी उत्तर दिलेलं नाही.


१६ मे

बाई,

आधी तारा सैल करा, मग काढा. घोडी उचलून घ्या. दोन्ही खांब आणि त्यांच्या लाकडात ठोकलेल्या धातूच्या नळ्या सरळ वर ओढून काढा, हलवून काढलंत तर लाकूड फाटेल. जाड तारेच्या बाजूच्या भोकात एक उघडी बारीक तार दिसेल, विजेची गुणगुण येऊ नये म्हणून ती असते. ती तोडू नका, वाकवून बाजूला ठेवा.

नवी भोकं जुन्यांवर अर्धवट चढतील, म्हणून जुनी आधी बुजवायला हवीत. कठीण लाकडाच्या गोल खुंट्या घट्ट बसतील अशा करून घ्या, सरस लावून ठोका आणि पूर्ण एक दिवस हात लावू नका. मग जाड तारेचा खांब चार मिलिमीटर मागे, बारीक तारेचा चार मिलिमीटर पुढे. खुणा तीनदा तपासा. आधी तुमच्या यंत्रानं बारीक भोक पाडा, मग सुताराकडून मोठा गिरमिट आणून रुंद करा. घाई करू नका. मी घाईच केली होती.

ताईंची बाजू मी घेत नाही, मला तो अधिकार नाही. एवढंच दिसलं, की त्यांनी पहिल्याच फोनवर आपण होऊन सांगितलं. मला तुम्ही पकडावं लागलं.

कारागीर


८ जून

कारागीर,

मालकांकडून किल्ली घेतली आणि रविवारी दुकान उघडून बसले. खुंट्या आधीच्या शनिवारी ठोकल्या होत्या. तुमची ती बारीक तार सापडली, शाबूत आहे. खुणा तीनदा नाही, सात वेळा तपासल्या. गिरमिट फिरवताना लाकडाचा वास आला, गोडसर, जणू काल कापलंय. तुम्हाला तो माहीत असेल.

नव्या तारा त्याच विक्रेत्याकडून आणल्या. त्यानं विचारलं, "भाच्याला आवडली का गिटार?" मी म्हटलं, "अजून शिकतो आहे."

मोजलं. ३२८, ३२४. ध्वनिवर्धक नव्हता, म्हणून गिटार मांडीवर घेऊन तिच्या लाकडाला कान टेकवून बसले. जाड तार मोकळी छेडली. मग बाराव्या पडद्यावर बोट ठेवून तीच पुन्हा छेडली. एकच सूर, एक खाली आणि एक वर. बारीक तारेवर तेच केलं, तेच आलं. मग चाचणीतला तो मधला तुकडा वाजवून पाहिला. भयंकर वाजवला. बोटं जाड झाली आहेत, वळत नाहीत, तिसऱ्या सुराला चुकले, पाचव्याला परत चुकले. पण प्रत्येक वेळी चुकल्याचं मला लगेच ऐकू आलं, आणि बोट सरकवलं की सूर बरोबर येत होता. मी तो तुकडा अकरा वेळा चुकीचा वाजवला. माझी दुपार इतक्या मजेत कित्येक वर्षांत गेली नव्हती.

मग कोणालातरी सांगावं म्हणून मान वर केली. समोर मालकांची रिकामी खुर्ची आणि भिंतीवर डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता. वरचं मोठं अक्षर तेवढं स्पष्ट दिसत होतं, कारण मी चष्मा काढून ठेवला होता आणि डोळे पुसत होते.

तुम्हाला माफ केलं का, हे मला ठाऊक नाही. विचारू नका. पण पत्र लिहीत जा. रविवारची दहा मिनिटं काही पुरत नाहीत माणसाला, आणि मला पत्रं येण्याची आता सवय झाली आहे. डावऱ्याच्या बायकोचा पत्ताही पाठवा. तिच्या नवऱ्यानं दोनच गिटारी वाजवून जे ओळखलं ते खरं होतं, हे त्या सतरांपैकी एकीच्या मालकिणीनं तिला सांगायला हवं.

काल ताईला मी फोन केला. म्हटलं, ये. पुढच्या महिन्यात ये. पण गिटार वाजवून दाखवणार नाही, असं आधीच सांगितलं. ती म्हणाली, "बरं." मी म्हटलं, "आणि तूही गायचं नाहीस." ती म्हणाली, "आता कुठला आलाय गळा?" तिच्याकडे कुठेतरी नळ गळत होता, त्याचे थेंब ऐकू येत होते. बराच वेळ झाला तरी दोघींपैकी कोणीच फोन ठेवला नाही.

चष्म्याच्या दुकानातली